टोकन देण्याआधी वकील: जुना फ्लॅट घेताना वकील कसा निवडावा, त्याच्याकडून काम कसं करून घ्यावं

‘टोकन देऊन टाकलंय, आता एखादा चांगला वकील सुचव.’ नात्यातून, ऑफिसातून असा निरोप मला दर दोन-तीन महिन्यांनी येतो. मी दर वेळी एकच विचारतो: टोकन किती दिलं आणि पावतीवर काय लिहिलंय? पावती बहुधा नसतेच. असलीच तर एजंटच्या छापील कागदावर चार ओळी, आणि त्यात ‘रक्कम परत मिळणार नाही’ ही सगळ्यात ठळक.

क्रम असा उलटा झाला की वकिलाच्या हातात फारसं काही उरत नाही. कागदांत खोट निघाली तरी तुमचे लाख-दोन लाख समोरच्याकडे अडकलेले असतात. मग माणूस स्वतःचीच समजूत घालतो की खोट तशी बारीकच आहे. म्हणून पहिली पायरी ही: घर पसंत पडलं की आधी वकील गाठा, मग टोकन द्या. समोरचा फारच घाई करत असेल आणि टोकन द्यावंच लागलं, तर रक्कम लहान ठेवा, चेकने किंवा खात्यातून द्या आणि पावतीवर एवढं एक वाक्य लिहून घ्या: ‘लिहून घेणार यांच्या वकिलांनी मालकी हक्क निर्वेध असल्याचे कळवले नाही, तर ही रक्कम अमुक दिवसांत परत केली जाईल.’ प्रामाणिक विक्रेत्याला यात अडचण वाटायचं कारण नाही.

पुढे लिहिलंय ते मुख्यतः महाराष्ट्रातल्या सोसायटीतल्या जुन्या, म्हणजे रीसेलच्या फ्लॅटबद्दल. नव्या प्रकल्पाबद्दल थोडं शेवटाकडे आहे.

पायरी १: वकील तुमचाच हवा

मराठी दस्तात विकणाऱ्याला ‘लिहून देणार’ आणि घेणाऱ्याला ‘लिहून घेणार’ म्हणतात. तुम्हाला लिहून घेणाऱ्याचा वकील हवा असतो. व्यवहारात मात्र दुसऱ्यांचे वकील आयते समोर येतात. एक विकणाऱ्याचा. दुसरा एजंटचा ‘आपला माणूस’: रजिस्ट्रेशनपर्यंत सगळं तोच बघतो, फीही कमी घेतो. त्याची पुढची दहा कामं एजंटकडूनच यायची असतात, तेव्हा ‘हा व्यवहार करू नका’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघणं कठीण. तिसरा बँकेच्या पॅनेलवरचा. तो वाईट नसतो, पण त्याचं अशील बँक असते. आपलं कर्ज बुडालं तर ही मालमत्ता विकून पैसे वसूल होतील का, एवढाच बँकेचा प्रश्न. पार्किंगच्या वादाशी, इमारतीच्या गळतीशी किंवा विकणाऱ्याने थकवलेल्या मेंटेनन्सशी तिला फारसं देणंघेणं नसतं. शिवाय त्या तपासणीची फी बऱ्याचदा तुमच्याकडूनच घेतली जाते आणि अहवाल जातो बँकेच्या फायलीत. ‘बँकेने लोन मंजूर केलं म्हणजे कागद क्लिअर’ ही समजूत इथेच डोक्यातून काढून टाका.

मुंबईत घराच्या कागदांसाठी अजून ‘सॉलिसिटर’ शोधतात. हा शब्द इंग्रजांच्या काळातला. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत तेव्हा दावा तयार करणारा सॉलिसिटर आणि न्यायाधीशांपुढे उभा राहणारा वकील अशी दुहेरी पद्धत होती. ती सत्तरच्या दशकात संपली. मात्र बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा आजही होते, आणि फोर्टातल्या मोठ्या फर्मा मालमत्तेची कामं करतात. दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटसाठी त्यांच्याकडे जायची गरज नसते. तुमच्या तालुक्यात, तुमच्याच भागातल्या दुय्यम निबंधक कार्यालयात, म्हणजे रजिस्ट्रेशन ऑफिसात, नेहमी जाणारा आणि मालमत्तेचंच काम करणारा वकील पुरतो, किंबहुना जास्त उपयोगी पडतो. त्या भागातल्या कुठल्या सर्व्हे नंबरवर वारसांची भांडणं चालू आहेत हे त्याला तोंडपाठ असतं.

पायरी २: शोधा, पण जाहिरातीतून नको

बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला कामासाठी जाहिरात करता येत नाही. तेव्हा ‘शंभर टक्के क्लिअर टायटलची हमी’ असं पत्रक कोणी हातात दिलं, तर तो माणूस एकतर वकील नाही किंवा नियम पाळणारा नाही. त्यापेक्षा ज्या सोसायटीत घर घ्यायचंय तिथल्या दोन-तीन नव्या रहिवाशांना विचारा: तुमचे कागद कोणी पाहिले? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्यांनी काय काय काढलं? ‘काहीच निघालं नाही, पटकन झालं’ हे उत्तर मला फारसं भरवशाचं वाटत नाही. ‘फार प्रश्न विचारून भंडावून सोडलं हो’ असं कोणी वैतागून सांगितलं, तर त्या वकिलाचा नंबर आधी घ्या.

नंबर मिळाला की सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, तिचा क्रमांक विचारायला संकोचू नका. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एकच आहे, तिची किंवा दुसऱ्या राज्याच्या बार कौन्सिलची सनद असलेलाच वकील. रजिस्ट्रेशन ऑफिसबाहेर टेबल टाकून बसलेले सगळे वकील नसतात. तिथे दस्त लेखनिक आणि एजंटही असतात. टायपिंग आणि चलन भरण्यात ते तरबेज असतात, पण मालकीवर मत देणं हे त्यांचं काम नाही.

पहिल्या भेटीत मी पाच गोष्टी विचारतो. सर्च, म्हणजे रजिस्ट्रेशन ऑफिसातल्या जुन्या नोंदींचा शोध, किती वर्षांचा करणार? ऑफिसात जाऊन रेकॉर्ड कोण पाहणार? मालकीबद्दलचा सही-शिक्क्याचा लेखी अहवाल, म्हणजे टायटल रिपोर्ट, देणार का? दस्ताचा मसुदा तुम्ही लिहिणार की समोरच्याचा तपासणार? नोंदणीच्या दिवशी तुम्ही स्वतः येणार का? फी सगळ्यात शेवटी. फी ठरावीक रकमेत ठरवा आणि तिच्यात काय काय येतं ते एका मेलमध्ये लिहून घ्या. सर्चचा सरकारी खर्च, जाहीर नोटिशीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क हे बहुधा वेगळं असतं. घराच्या किमतीवर टक्केवारी मागणारे वकीलही भेटतात. ऐंशी लाखांच्या फ्लॅटचे कागद वाचायला चाळीस लाखांच्या फ्लॅटच्या दुप्पट वेळ लागत नाही, एवढं म्हणून बघा.

पायरी ३: कागदांची पिशवी

विकणाऱ्याकडून झेरॉक्स मागवून वकिलाला द्यायचे कागद असे: बिल्डरने पहिल्या मालकाला करून दिलेला करार आणि त्यानंतरचा प्रत्येक खरेदीदस्त, नोंदणीच्या पावतीसह, प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), पुढून आणि मागून, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, जमिनीचं मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, मालमत्ता कराची आणि मेंटेनन्सची ताजी पावती, कर्ज असेल तर बँकेचं पत्र. मूळ कागद वकिलाकडे ठेवायची वेळ आलीच, तर यादी करून पोच घ्या.

आणि स्वतःबद्दलचंही सगळं सांगा. पैसे कुठून येणार, किती कर्ज काढणार, घर कोणाकोणाच्या नावावर करायचं, विकणाऱ्याशी तोंडी काय ठरलंय, अगदी ‘थोडी रोख द्या’ असं तो म्हणाला असेल तर तेही. वकिलापासून हे लपवलं तर मसुदा चुकीच्या माहितीवर उभा राहतो.

पायरी ४: सर्च, आणि त्याचा अहवाल वाचायचा कसा

बहुतेक लोक सर्च रिपोर्टचं शेवटचं पान वाचतात. ‘मालकी हक्क निर्वेध, विक्रीयोग्य व बोजारहित’ हे शब्द दिसले की रिपोर्ट फायलीत जातो. रिपोर्टचा खरा मजकूर मधल्या तक्त्यात असतो. तिथे दर वर्षापुढे एक शेरा असतो: ‘निरंक’, म्हणजे त्या वर्षी या मिळकतीवर काही नोंद सापडली नाही. कुठे दस्त सापडला तर त्याचा क्रमांक आणि पक्षकारांची नावं. आणि मधेच कुठेतरी ‘पाने फाटलेली’ किंवा ‘रेकॉर्ड बांधणीस गेलेले’. निरंक आणि पाने फाटलेली यांत मोठा फरक आहे. पहिलीत पाहून काही सापडलं नाही, दुसरीत पाहताच आलं नाही. तीस वर्षांतली चार वर्षं फाटलेली असतील, तर त्या काळात काय घडलं असावं हे इतर कागदांवरून कसं ताडून पाहिलं, असं वकिलाला विचारा. रिपोर्टला सर्चची सरकारी फी भरल्याची पावती जोडलेली असते, तीही बघा. पावती नसेल तर सर्च झाला की नुसता टाइप झाला, ही शंका रास्त आहे.

दस्तांची साखळी तपासायला इंडेक्स टू हाताशी घ्या. ते एकच पान असतं, पण त्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्त करून देणाऱ्याचं आणि करून घेणाऱ्याचं नाव, दस्त नोंदणीची तारीख, भरलेलं मुद्रांक शुल्क असं सगळं आलेलं असतं. पहिल्या दस्तातला ‘करून घेणारा’ दुसऱ्या दस्तात ‘करून देणारा’ म्हणून यायलाच हवा. नाव जुळलं नाही, मधेच एक माणूस गळला किंवा दोघांनी घेतलेलं घर एकट्यानेच विकलेलं दिसलं, तर तिथे बोट ठेवा.

माझं बोट तिथे पडलं नव्हतं. कोथरूडमध्ये मी पहिला फ्लॅट बघितला तेव्हा साखळीत दोनच दस्त होते, स्वच्छ. फ्लॅट वडिलांच्या नावावर होता, ते वारले होते, मोठा मुलगा नॉमिनी होता आणि सोसायटीने भाग प्रमाणपत्रावर रीतसर त्याचं नाव चढवलं होतं. बँकेची तयारी होती आणि एजंट पेढ्यांची भाषा करत होता. मी एक लाख टोकन देऊन बसलो होतो. वकीलबाईंनी भाग प्रमाणपत्राची मागची बाजू पाहिली, एक रिकामं पाकीट उलटं केलं आणि त्यावर पेन्सिलीने वडिलांचं नाव लिहून खाली तीन रेघा ओढल्या. ‘मुलं किती?’ मला माहीत नव्हतं. एजंटने सांगितलं, एक बहीण आहे नागपूरला, पण तिचं लग्न झालंय. बाईंनी तिसरी रेघ खोडली आणि दुसऱ्या रेघेखाली ‘नागपूर’ लिहिलं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, एवढंच नॉमिनेशनने ठरतं. वारसांचा हक्क त्याने जात नाही, आणि मुलीचं लग्न झाल्यानेही जात नाही. पुढे कळलं की बहिणीला घर विकायला काढल्याचं माहीतच नव्हतं. नोंदणीकृत हक्कसोडपत्र होऊन व्यवहार मार्गी लागायला अडीच महिने गेले. त्या अडीच महिन्यांत वैतागून मी बाईंना दोनदा म्हणालो होतो की जरा जास्तच ताणताय. त्या फक्त पाकीट दाखवायच्या.

म्हणून मालक वारलेला असेल तर वंशावळ मागा. मृत्युपत्र असेल तर ते बघा, आणि सगळे वारस एकतर खरेदीखतावर सही करतील किंवा हक्कसोडपत्र देतील हे आधी ठरवून घ्या.

सर्चमध्ये न दिसणाऱ्या गोष्टींसाठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात. सहसा एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात, १४ किंवा १५ दिवसांत हरकत कळवा अशी. हा खर्च वाचवू नका. कोणाची नोंद न झालेली हरकत असेल तर ती याच वेळी बाहेर येते. बँकेकडे तारण असलेल्या मालमत्तांची नोंद सरसाई (CERSAI) या केंद्रीय नोंदणी संस्थेत असते, तिथेही शोध घ्यायला सांगा.

जमिनीकडेही लक्ष हवं. नवी मुंबईत सिडकोची जमीन भाडेपट्ट्याने असते, म्हणून हस्तांतरणाला सिडकोची परवानगी लागते. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे सरकारने अटींवर दिलेली जमीन, असं असेल, तर विक्रीआधी सरकारी परवानगीचा प्रश्न येतो. आणि सोसायटीच्या नावावर जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे हस्तांतरण, झालंय का, हेही विचारा. झालं नसेल म्हणून व्यवहार अडत नाही, पण उद्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की तो प्रश्न उभा राहणारच.

विकणारा माणूस स्वतः येणार नसेल आणि कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अटर्नी) व्यवहार होणार असेल, तर ते नोंदणीकृत आहे का, विक्रीचा अधिकार त्यात स्पष्ट आहे का आणि ते लिहून देणारा आज हयात आहे का, या तिन्ही गोष्टी तपासा. माणूस गेला की साधारणपणे त्याचं मुखत्यारपत्रही संपतं. नुसत्या मुखत्यारपत्रावर ‘घर विकलं’ असं म्हणणाऱ्या व्यवहाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केलंय.

गोव्यात घर घेत असाल तर स्थानिक वकीलच घ्या, पुण्या-मुंबईचा चालणार नाही. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरली जाते, त्यामुळे दोघांच्याही सह्या लागतात. सातबाऱ्याऐवजी तिथे एक-चौदाचा उतारा असतो.

पायरी ५: मसुदा स्वतः वाचा

रिपोर्ट चांगला आला की आधी साठेखत (विक्री करण्याचा करार) आणि मग खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त), किंवा मुंबईतल्या रिवाजाप्रमाणे थेट नोंदणीकृत करार. वकिलाने पाठवलेला मसुदा ‘तुम्ही बघितलात ना, मग झालं’ म्हणत परत पाठवू नका. कायद्याची भाषा त्याच्यावर सोडा, पण पुढच्या गोष्टी तुम्हीच तपासायच्या: नावांची स्पेलिंग आधार आणि पॅनप्रमाणे, फ्लॅट आणि इमारतीचा क्रमांक, चटई क्षेत्र, रकमा आणि तारखा, ताबा कधी, आणि घरात राहणारं सामान. मॉड्युलर किचन आणि दोन एसी ठेवून जातो असं तोंडी ठरलं असेल, तर ते मसुद्यात यायला हवं. पार्किंगचं काय लिहिलंय हे नीट बघा. बिल्डरला स्टिल्ट (इमारतीखालच्या खांबांमधलं) किंवा मोकळं पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही, त्यामुळे ‘पार्किंगसह’ या शब्दामागे सोसायटीचं वाटपपत्र आहे का, ते विचारा.

शंका एक-एक करून फोनवर विचारू नका. दोन दिवस घेऊन सगळ्या एका मेलमध्ये, कलमाच्या क्रमांकासह पाठवा. वकिलाचा वेळ वाचतो आणि तुमच्याकडे लेखी उत्तर राहतं. आणि एजंटमार्फत परस्पर काही बदल कबूल करू नका. ‘ताबा महिनाभर उशिरा चालेल ना?’ याला तुम्ही फोनवर हो म्हणालात, की वकिलाने घातलेलं दंडाचं कलम लंगडं पडतं.

पायरी ६: पैसे

विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी घ्या. तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात जाईल असंच करारात लिहा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक केलंय, नाहीतर बँकेला दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. विकणारा ‘बँक कागद देतच नाही’ म्हणत असेल तर हे त्याला सांगा.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची. विकणारा परदेशी राहणारा असेल तर हा एक टक्का चालत नाही, बरीच मोठी रक्कम कापावी लागते, आणि चुकलं तर आयकर खातं तुमच्याकडे येतं. अशा वेळी वकिलासोबत चार्टर्ड अकाउंटंटही हवा.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकातला बाजारभाव यांतल्या जास्त रकमेवर लागतं: मुंबईत ६ टक्के, पुण्यात ७ टक्के, घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का कमी. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,०००. चलन भरण्याआधी त्यावरचं नाव आणि मिळकतीचं वर्णन वकिलाला दाखवा.

पायरी ७: नोंदणीचा दिवस

दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला सादर करावा लागतो, पण बहुतेक जण त्याच दिवशी उरकतात. मूळ ओळखपत्रं, दोन साक्षीदार आणि भरपूर वेळ घेऊन जा. सर्व्हर बंद पडणं हा त्या कार्यालयातला नित्याचा अनुभव. डेटा एन्ट्रीचा गोषवारा छापून समोर आला की अंगठा देण्याआधी नाव, क्षेत्रफळ, मोबदला वाचा. मागे रांग लागलेली असते, टेबलामागचा माणूस ‘लवकर करा’ म्हणतो, आणि नेमक्या याच मिनिटात ‘कुलकर्णी’चं ‘कुळकर्णी’ होतं. नंतर चूक दुरुस्ती पत्र करायचं म्हणजे विकणाऱ्यालाही पुन्हा बोलवावं लागतं, आणि तोवर तो नव्या गावी गेलेला असतो.

नवं बांधकाम असेल तर

इथे मसुदा बिल्डरचा असतो आणि तो फारसा बदलत नाही. तरीही वकील हवा. प्रकल्प महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर उघडा. वकिलाचा टायटल रिपोर्ट, मंजूर नकाशे, जमिनीवरची कर्जं आणि चालू दावे तिथे असतात. ते सगळं उतरवून तुमच्या वकिलाला द्या. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला कायद्याने मनाई आहे. ‘आज वीस भरा, स्कीम संपतेय’ असं कोणी म्हणालं तर हे लक्षात असू द्या.

पायरी ८: चावी मिळाल्यावर

चावी हातात आली की वकिलाला फोन करायचं आपण विसरतो. त्याच्याकडून अजून इतकं येणं बाकी असतं: नोंदणी झालेला मूळ दस्त, इंडेक्स टू, आधीच्या सगळ्या मूळ दस्तांचा संच, टायटल रिपोर्ट, जाहीर नोटिशीची कात्रणं आणि फीची पावती. सोसायटीला हस्तांतरणाचे फॉर्म द्या. हस्तांतरण फी ५०० रुपये असते, आणि महापालिका क्षेत्रात अधिमूल्य (प्रीमियम) कमाल २५,०००. त्याहून जास्त ‘देणगी’ मागितली तर लेखी मागणी मागा, बहुतेक वेळा ती येत नाही. भाग प्रमाणपत्रावर तुमचं नाव चढलं की मागची बाजू उलटून शेरा, तारीख आणि सह्या बघा. आणि त्याच बैठकीत तुमच्या नॉमिनेशनचा फॉर्मही भरून टाका.